कंपनीच्या स्पॉन्सरशिपशिवाय ग्रीन कार्ड: ईबी-१ए चा अर्ज स्वतः कसा उभा करायचा

अमेरिकेतल्या मराठी घरांत ग्रीन कार्डाचा विषय निघाला की तो कंपनीभोवतीच फिरतो. कंपनी पर्म (कामगार खात्याकडून लेबर सर्टिफिकेट मिळवण्याची प्रक्रिया) कधी सुरू करणार, नोकरी बदलली तर सगळं पहिल्यापासून का, ले-ऑफ झाला तर मुलांच्या शाळेचं काय. या चर्चेत एक वाट बहुतेकांच्या लक्षात फार उशिरा येते. १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने नोकरीवर आधारित पहिल्या श्रेणीत, म्हणजे ईबी-१ मध्ये, असा एक उपप्रकार ठेवला आहे जिथे कंपनी लागत नाही, पर्म लागत नाही, ऑफर लेटरही लागत नाही. आय-१४० हा अर्ज तुम्ही स्वतःच स्वतःसाठी भरता. विज्ञान, कला, शिक्षण, व्यवसाय आणि क्रीडा या पाच क्षेत्रांत असामान्य क्षमता असलेल्यांसाठी असलेला हा प्रकार म्हणजे ईबी-१ए.

हा फक्त नोबेलवाल्यांसाठी आहे, असं समजून अनेक पात्र माणसं याच्या वाटेला जात नाहीत. दुसऱ्या टोकाला, कुणीतरी ‘प्रोफाइल बनवून देतो’ म्हणालं म्हणून पैसे मोजणारेही बरेच आहेत. दोघांचंही नुकसान होतं. दहा-बारा वर्षं आपल्या विषयात मन लावून, नावाजण्यासारखं काम केलेल्या माणसाकडे पुरावे बहुधा असतात. ते जुन्या ईमेलमध्ये, कपाटातल्या फायलींत आणि लोकांच्या आठवणींत विखुरलेले असतात, एवढंच. ते शोधून एका सूत्रात मांडणं हेच या अर्जाचं खरं काम आहे आणि ते कसं करायचं हे इथे सांगते.

आधी तारखेचा हिशेब

भारतात जन्मलेल्यांनी पुराव्यांच्याही आधी व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या तारखांचा दर महिन्याचा तक्ता, उघडावं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. त्यातला २८.६ टक्के वाटा ईबी-१ चा. कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे भारतासाठी ईबी-१ मध्येही रांग आहे, पण ईबी-२ च्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या, मानाने खूपच लहान. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतासाठी ईबी-२ ची अंतिम तारीख १ जानेवारी २०१३ होती, तर ईबी-१ ची १५ फेब्रुवारी २०२२; म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर तेव्हा लागत होता.

आता यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. पूर्वी एखाद्या कंपनीने तुमचा ईबी-२ किंवा ईबी-३ चा आय-१४० मंजूर करून घेतला असेल, तर त्याची प्रायोरिटी डेट, म्हणजे रांगेतल्या जागेची तारीख, तुमच्या नव्या ईबी-१ए अर्जाला लावता येते. म्हणजे २०१६ ची ईबी-२ ची तारीख हातात असलेल्या माणसाचा ईबी-१ए मंजूर झाला, तर २०२५ च्या त्या बुलेटिननुसार त्याचा नंबर लगेच लागला असता. कंपनीने तो जुना अर्ज नंतर मागे घेतला तरी तारीख शाबूत राहते. अपवाद फसवणूक, खोटी माहिती, लेबर सर्टिफिकेट रद्द होणं किंवा मंजुरीतच झालेली मोठी चूक यांचे. जुनी कंपनी सोडून कितीही वर्षं झाली असोत, त्या मंजुरीची नोटीस शोधा. ती प्रत अर्जाला जोडायची असते.

जुनी तारीख नसेल तर आय-१४० यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) रीतसर पोचला तो दिवस तुमची प्रायोरिटी डेट ठरतो. म्हणूनच काही जण आधी ईबी-२ मधला नॅशनल इंटरेस्ट वेव्हरचा (देशहितासाठी ऑफर लेटर आणि पर्ममधून सूट मागणारा) अर्ज करून तारीख धरून ठेवतात. तोही स्वतःचा स्वतः करता येतो. मग दोन वर्षं काम वाढवून ईबी-१ए करतात. तरुण संशोधकांना मी हाच मार्ग सुचवते.

देश ठरतो तो जन्मस्थानावरून, पासपोर्टवरून नव्हे. गोव्यात जन्मून नंतर पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला माणूस भारताच्याच रांगेत उभा राहतो. उलट पुण्यात वाढलेली पण मस्कतला जन्मलेली मुलगी ओमानच्या खात्यात जाते. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म रांग नसलेल्या देशातला असेल, तर सोबत अर्ज करणाऱ्या दुसऱ्यालाही त्याचा फायदा मिळू शकतो.

दहा निकष, आणि त्यांतले कोणते तुमचे

जागतिक पातळीवरचा एखादा मोठा पुरस्कार असेल तर गोष्ट वेगळी. बाकी सगळ्यांना दहापैकी किमान तीन निकष पूर्ण करावे लागतात. सात-आठ निकषांवर दावा ठोकायचा मोह होतो, तो आवरा. लंगडा निकष अधिकाऱ्याला शंका घ्यायला जागा देतो. चार भक्कम निकष मला सात अर्धवट निकषांपेक्षा कधीही जास्त आवडतात.

कलाकृतींचं प्रदर्शन आणि प्रयोगक्षम कलांमधलं व्यावसायिक यश हे दोन निकष कलावंतांचे. नर्तक, चित्रकार, गायक असाल तर यांत वेळ घाला, तिकीटविक्रीचे आकडे जमवा. इंजिनियर, डॉक्टर, संशोधकांनी पुढे जावं.

पुरस्काराचा निकष कामातल्या उत्कृष्टतेसाठी दिलेल्या, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान असलेल्या पुरस्काराचा आहे. कंपनीतला ‘एम्प्लॉयी ऑफ द इयर’ इथे चालत नाही. राज्यस्तरीय पुरस्कार असेल तर त्याची दखल देशभर घेतली जाते हे दाखवावं लागतं. निवडीचे नियम, परीक्षक कोण, किती जणांतून निवड झाली, आधी कुणाकुणाला मिळाला, हे सगळं जोडा. पुरस्कार तुमच्या चमूला मिळाला असेल तरी चालतो, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये यूएससीआयएसने धोरणात स्पष्ट केलं आहे.

सभासदत्वाच्या निकषावर सगळ्यात जास्त माणसं अडखळतात. वर्गणी भरून किंवा ठरावीक वर्षांच्या अनुभवावर मिळणारं सभासदत्व उपयोगाचं नाही. जाणकारांच्या समितीने उल्लेखनीय कामगिरी पाहून दिलेलं सभासदत्व हवं. आयट्रिपलई या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेचं फेलो असणं हे यूएससीआयएसच्या धोरण-पुस्तिकेत दिलेलं उदाहरण आहे. त्याच संस्थेच्या सीनियर मेंबर पातळीवर मात्र अधिकारी वारंवार प्रश्न विचारतात. तेवढ्यावर हा निकष टेकवू नका.

तुमच्याविषयी छापून आलेला मजकूर हा मराठी माणसांचा दुर्लक्षित खजिना आहे. ‘लोकसत्ता’, ‘सकाळ’सारख्या दैनिकात तुमच्या संशोधनावर लेख आला असेल तर तो मोठ्या प्रसारमाध्यमातला मजकूर म्हणून मांडता येतो. शीर्षक, तारीख आणि लेखकाचं नाव तिन्ही हवीत. सोबत वृत्तपत्राच्या खपाचा आकडा आणि संपूर्ण इंग्रजी भाषांतर. मजकूर तुमच्याबद्दल आणि तुमच्या कामाबद्दल हवा. कंपनीवरच्या बातमीत तुमचं एक वाक्य असेल तर भागत नाही.

परीक्षकाचं काम हा निकष त्या मानाने सोपा. संशोधन-पत्रिकांसाठी लेख तपासणं, परिषदांच्या निवड समितीत असणं, पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून जाणं, हे सगळं धरलं जातं. फक्त आमंत्रणाची ईमेल पुरत नाही. परीक्षण पूर्ण केल्याचा पुरावा हवा. विद्यापीठाकडून तसं पत्र मागून घ्या, मिळतं.

आता मूळ योगदानाचा निकष. माझ्या मते अर्जाचा कणा हाच आहे. काम नवं असणं पुरेसं नाही. त्या कामाने क्षेत्रात मोठा फरक पडला, हे दाखवावं लागतं. पेटंट मिळालं म्हणजे कल्पना नवी होती इतकंच सिद्ध होतं. ते कुणी परवान्यावर घेतलं, कुठल्या उत्पादनात गेलं, किती रुग्णालयांनी ती पद्धत वापरली, तुमच्या ओपन सोर्स प्रकल्पावर बाहेरच्या कोणत्या कंपन्यांचं काम चालतं, याचा पुरावा हवा. शोधनिबंधांचं म्हणाल तर एकूण उद्धरणांचा आकडा एकटा काही बोलत नाही. त्या विषयात, त्या वर्षी छापलेल्या निबंधांमध्ये तुमचा निबंध वरच्या किती टक्क्यांत आहे, हे दाखवा. आणि तुमच्याशी काही संबंध नसलेल्या लोकांनी तुमचं काम नुसतं यादीत टाकण्याऐवजी प्रत्यक्ष वापरलं, अशा चार-पाच निबंधांचे उतारे वेगळे काढून त्यांतली वाक्यं ठळक करा. कंपनीच्या आत राहणाऱ्या कामाचा प्रभाव दाखवणं कठीण जातं. तिथे ग्राहक कंपन्यांकडून किंवा उद्योगातल्या जाणकारांकडून पत्रं मिळवावी लागतात.

शोधनिबंधांचा निकष स्वतंत्र आहे. लेख विद्वत्पत्रिकेत किंवा व्यावसायिक प्रकाशनात छापलेले हवेत. पीएचडी असण्याची अट नाही.

नेतृत्वाच्या किंवा कळीच्या भूमिकेसाठी दोन गोष्टी लागतात: संस्था नावाजलेली असणं आणि तिथली तुमची भूमिका मोलाची असणं. हुद्दा मोठा नसला तरी चालतो. तुम्ही नसता तर काय अडलं असतं, हे प्रत्यक्ष माहिती असलेल्या वरिष्ठाने तपशिलाने लिहिलेलं हवं. संपूर्ण कंपनीऐवजी एखादा नामवंत विभागही धरता येतो.

मोठ्या पगारात तुलना महत्त्वाची. त्याच हुद्द्याच्या, त्याच भागातल्या लोकांशी तुलना करा. अमेरिकेत कामगार खात्याची आकडेवारी त्यासाठी उपलब्ध आहे. पुण्यात किंवा बंगळुरूत काम करणाऱ्यांनी रुपयांचे डॉलर करून निराश होऊ नये. ज्या देशात काम, तिथल्याच पगारांशी तुलना करायची, असं धोरणातच लिहिलं आहे. फॉर्म १६, पगारपत्रकं आणि भारतातलं विश्वासार्ह वेतन-सर्वेक्षण एकत्र लावा.

तीन निकष झाले म्हणजे झालं, असं नाही

२०१० मध्ये कझारियन नावाच्या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने निकाल दिला आणि तेव्हापासून यूएससीआयएस अर्ज दोन टप्प्यांत तपासतं. पहिल्या टप्प्यात निकष मोजले जातात. दुसऱ्यात सगळा पुरावा एकत्र ठेवून पाहिलं जातं: ही व्यक्ती क्षेत्राच्या अगदी वरच्या थोडक्या लोकांमध्ये आहे का, तिची ख्याती टिकून राहिलेली आहे का. चार निकष मान्य होऊन या टप्प्यावर पडलेले अर्ज खूप आहेत.

म्हणून अर्जाच्या सुरुवातीलाच तुमचं क्षेत्र नेमकं ठरवा. ‘सॉफ्टवेअर’ म्हटलं तर स्पर्धा लाखोंशी. ‘अमुक बँकेच्या अमुक विभागाची डेटा पाइपलाइन’ म्हटलं तर अधिकारी म्हणणार की हे क्षेत्र तुम्ही स्वतःपुरतं कापून घेतलंय. जगात ज्या नावाने परिषदा भरतात, पत्रिका निघतात, ते नाव घ्या. मग प्रत्येक पुरावा त्या एका क्षेत्राशी जोडा. हृदयविकाराच्या संशोधकाने तबल्यातलं बक्षीस जोडलं तर त्याचा उपयोग शून्य, आणि सूत्र तुटतं ते वेगळंच.

पुराव्यांच्या तारखाही पाहिल्या जातात. दहा वर्षं सामसूम आणि अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत पाच पुरस्कार, तीन मुलाखती आणि डझनभर परीक्षणं, हे चित्र अधिकाऱ्यांना आता चांगलं ओळखता येतं. पैसे घेऊन पुरस्कार देणारे, लेख छापून आणणारे, दुसऱ्याच्या निबंधात नाव घालून देणारे दलाल आज आपल्या लोकांच्या ग्रुपांवर मोकळेपणी फिरताहेत. त्यांच्यापासून लांब राहा, हे मी अगदी कळकळीने सांगते. अर्ज नामंजूर होणं ही त्यातली छोटी जोखीम. महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर अमेरिकेत प्रवेशाला आयुष्यभराची आडकाठी येऊ शकते. पुरावा तीन वर्षांनी तयार होणार असेल तर तीन वर्षं काम करा आणि मग अर्ज करा.

पत्रं

पाच ते सात शिफारसपत्रं साधारणपणे पुरतात. त्यांतली निम्मी तरी अशा जाणकारांची हवीत ज्यांनी तुमच्याबरोबर कधी काम केलेलं नाही, पण तुमचं काम वापरलं किंवा वाचलं आहे. ‘अत्यंत हुशार आणि मेहनती’ अशी वाक्यं भरलेलं पत्र वाया जातं. ‘आमच्या प्रयोगशाळेत अमुक साली ही पद्धत घेतली, त्यामुळे चाचणीचा वेळ इतका कमी झाला’ हे एक वाक्य पानभर कौतुकापेक्षा जड असतं. पत्रातल्या प्रत्येक दाव्यामागे कागद हवा. नुसत्या पत्रांवर अर्ज तरत नाही. आणि सगळी पत्रं एकाच हाताने लिहिल्यासारखी वाटू देऊ नका. लोकांना मुद्दे द्या, शब्द त्यांचे असू द्या.

आपल्याकडचे कागद

मराठी कात्रणं, प्रमाणपत्रं, जन्मदाखला, जे काही इंग्रजीत नाही त्याला संपूर्ण भाषांतर लागतं. भाषांतरकाराने सही करून लिहायचं असतं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात. नोटरीची सक्ती नाही. स्वतः किंवा घरच्यांनी न करता बाहेरच्या माणसाकडून करून घ्या.

नावांचा घोळ आधीच निस्तरा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. डॉक्टरेट आणि पहिले दहा निबंध माहेरच्या नावाने, पगार आणि पेटंट सासरच्या नावाने, अशा कितीतरी जणी आहेत. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नाव बदलल्याचं राजपत्र आणि कुठल्या कागदावर कोणतं नाव आहे याचा एक पानी तक्ता लावला की शंका उरत नाही. जन्माची नोंद उशिरा झाली असेल किंवा दाखल्यात बाळाचं नावच नसेल, तर नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आत्ताच जा. हा कागद आय-१४० ला लागत नाही, पुढच्या टप्प्यावर लागतो, आणि तेव्हा घाई असते.

अर्ज भरणं आणि पाठवणं

आय-१४० च्या पहिल्या भागात अर्जदार म्हणून तुमचंच नाव, दुसऱ्या भागात असामान्य क्षमतेचा पर्याय. सोबत मुख्य निवेदन: तुम्ही कोण, क्षेत्र कोणतं, कोणते निकष, प्रत्येकाचा पुरावा कुठल्या पानावर, आणि शेवटी एकूण चित्र. वीस-पंचवीस पानांत हे बसतं. ऑफर लेटर लागत नसलं तरी अमेरिकेत याच क्षेत्रात काम पुढे चालू ठेवणार हे दाखवावं लागतं. त्यासाठी स्वतःची सहीनिशी योजना, करार किंवा चालू नोकरीचं पत्र जोडा. त्या कामाचा अमेरिकेला काय फायदा, हेही दोन परिच्छेदांत लिहा.

फी ७१५ डॉलर, आणि त्याशिवाय असायलम प्रोग्राम फी, जी स्वतः अर्ज करणाऱ्यांना ३०० डॉलर आहे. दोन्ही रकमा वेगवेगळ्या भरायच्या. कागदी चेक आता घेत नाहीत. कार्डासाठी जी-१४५० आणि बँक खात्यातून द्यायचे असतील तर जी-१६५० हा फॉर्म. पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर हवं असेल तर आय-९०७ भरून प्रीमियम प्रोसेसिंग घ्या. त्याची फी फेब्रुवारी २०२४ मध्ये २,८०५ डॉलर ठरली होती आणि ती महागाईप्रमाणे वाढवली जाते. पाठवायच्या दिवशी जी-१०५५ हा फी-तक्ता आणि पत्ता यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर पुन्हा बघाच.

कागद एकाच बाजूला छापा, स्टेपल करू नका, बाइंडिंग नको. ते स्कॅन होतात. भारतातून पाठवत असाल तर ए-४ ऐवजी लेटर आकाराचा कागद वापरा.

वकील लागतोच असं नाही. पण स्वतः करायचं असेल तर एक अभ्यास टाळू नका: यूएससीआयएसच्या अपील कार्यालयाचे निकाल संकेतस्थळावर मोफत आहेत. तुमच्या क्षेत्रातले पंधरा-वीस नामंजूर अर्जांचे निकाल वाचा. अधिकारी कुठल्या वाक्यावर बोट ठेवतो ते त्यातून जितकं कळतं, तितकं कुठल्याही पैसे देऊन ऐकलेल्या व्याख्यानातून कळत नाही. वकील घेतलात तर ‘मंजुरीची हमी’ देणाऱ्याला सोडून कुणालाही घ्या.

बी-१, बी-२ (कामानिमित्त भेट, पर्यटन) किंवा विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आय-१४० भरल्यानंतर डीएस-१६० या व्हिसा-अर्जात ‘तुमच्यासाठी इमिग्रंट अर्ज कधी झाला आहे का’ याचं उत्तर ‘हो’ द्यावं लागतं, आणि तो व्हिसा मिळणं अवघड होऊ शकतं. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसांवर असलेल्यांना ही अडचण नाही. उलट एच-१बी ची सहा वर्षं संपत आली असतील आणि नंबर लागलेला नसेल, तर मंजूर आय-१४० वर तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते.

प्रश्न आले तर

आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारं पत्र, आली म्हणजे अर्ज गेला असं नाही. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस असतात, टपालाचे दिवस वेगळे; मुदतवाढ मिळत नाही आणि उत्तर एकदाच देता येतं. पत्र नीट वाचा. बहुतेकदा अधिकारी कोणता निकष मान्य केला ते सांगतो. त्यावर पुन्हा पानं खर्च करू नका. जिथे ‘प्रभाव दिसत नाही’ म्हटलंय, तिथे नवा, बाहेरचा पुरावा आणा. नामंजुरी आली तर अपील करता येतं, नवा अर्जही करता येतो. त्याला संख्येची मर्यादा नाही. पुरावा मुळातच कमी पडला असेल तर अपीलपेक्षा वाढीव पुराव्याचा नवा अर्ज बरा.

मंजुरीनंतर

अमेरिकेत असाल आणि तारीख चालू असेल, म्हणजे नंबर लागला असेल, तर आय-४८५ हा प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज भरा. तारीख आधीच चालू असेल तर तो आय-१४० बरोबरही देता येतो. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ हा फॉर्म डिसेंबर २०२४ पासून आय-४८५ सोबतच जोडावा लागतो. भारतात असाल तर डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा अर्ज, पोलीस क्लिअरन्स, वैद्यकीय तपासणी आणि मग कॉन्सुलेटमध्ये मुलाखत.

घरात एकोणीस-वीस वर्षांचं मूल असेल तर हा सगळा क्रम ठरवण्याआधी त्याच्या वयाचा हिशेब करा. एकवीस वर्षं पूर्ण झाली की ते अवलंबित राहत नाही. मात्र बालक-संरक्षण कायद्यानुसार आय-१४० जितके दिवस प्रलंबित राहिला तितके दिवस त्याच्या वयातून वजा होतात. प्रीमियम घेतलं की उत्तर पंधरा कामकाजाच्या दिवसांत येतं, आणि वजाबाकीही तेवढीच होते. जुनी प्रायोरिटी डेट असून नंबर लगेच लागणार असेल तर प्रीमियम घ्या. रांगेत थांबावं लागणार असेल तर साध्या मार्गाने प्रलंबित राहिलेले महिने मुलाच्या कामी येऊ शकतात. नंबर लागल्यापासून एका वर्षाच्या आत मुलाचा स्वतःचा अर्ज दाखल व्हायला हवा.